टर्कीची पिल्लं: अठ्ठावीस दिवस आणि पुढचे दहा

ईस्टरनंतरच्या गुरुवारी सकाळी खोक्यावरचं फडकं बाजूला केलं, तर सहा पिल्लांतलं एक पाय ताणून पडलं होतं. शेजारी खाद्याची ताटली काठोकाठ भरलेली. पाणी भरलेलं. दिवा चालू, ऊब व्यवस्थित. आजाराचं म्हणाल तर काही चिन्ह नाही. संध्याकाळपर्यंत दुसरं गेलं आणि शुक्रवारी पहाटे तिसरं. अठ्ठावीस दिवस मी त्या अंड्यांची डोळ्यांत तेल घालून राखण केली होती, आणि पिल्लं बाहेर आल्यावर आठवडाही उलटला नाही तोवर निम्मी हातची गेली.

आता कुणी टर्की पाळायची म्हणून विचारायला आलं की मी सुरुवात त्या गुरुवारपासून करते. अंडी उबवायचं मशीन कुठलं घेऊ, अंडी किती ठेवू, नर किती ठेवू, हे सगळं नंतर. आधी एवढं ऐका, की कोंबडीचं पिल्लू वाळलं की स्वतःच टिपायला लागतं, टर्कीचं लागत नाही. त्याला खायला शिकवावं लागतं. मला हे आधी कळलं असतं तर ती तीन वाचली असती.

आमची वाडी वसईत. केळी, थोड्या पानवेली, विहिरीकाठी दोन शेवगे आणि मागच्या दारी सासूबाईंच्या गावठी कोंबड्या. कोंबड्यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही. कुठली खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला तयार झाली, कुठल्या अंड्यात पिल्लू धरलंय, हे त्या नुसत्या बघून सांगतात. मी या घरात आले तेव्हापासून कोंबड्यांचं सगळं त्यांच्याकडे आणि केळीचं माझ्याकडे. टर्की हे खूळ मात्र माझं. नाताळाच्या आधी आमच्या भागात टर्की शोधत फिरणारी माणसं असतात, मिळेल तिथून मिळेल त्या भावाला आणतात. मला वाटलं, आपल्याकडे जागा आहे, पाणी आहे, पाला आहे. पालघरकडच्या एका शेतकऱ्याकडून पाच महिन्यांची पाच आणली, एक नर आणि चार माद्या. तीन काळपट तांबूस, एक पांढरी.

नर वयात आला तेव्हा सगळी आळी बघायला आली. पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत तो अंगणात फिरायचा, आणि चोचीवरची मांसल सोंड एकदम लांब होऊन चोचीच्या खाली लोंबायला लागायची. डोकं क्षणात निळं, क्षणात पांढरं, मान लालभडक. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की हा लगेच 'गळगळगळ' करून उत्तर देणार, ट्रकचा हॉर्न वाजला तरी देणार. हा रंगांचा खेळ जहांगीर बादशहालाही असाच भुलवून गेला होता. १६१२ मध्ये त्याच्या सरदाराने, मुकर्रबखानाने, गोव्याहून त्याच्यासाठी टर्की नेली. तिचं डोकं नि मान घडीत पोवळ्यासारखी लाल होते, घडीत कापसासारखी पांढरी, मग कधी पिरोजाच्या रंगाची, असं त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोत माणसाळवलेला. पोर्तुगीज त्याला पेरू देशावरून 'पेरू' म्हणतात, इंग्रज 'टर्की', आणि खुद्द तुर्कस्तानात त्याचं नाव 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानातला! ज्याला त्याला तो दुसऱ्याच्या गावचा वाटला.

फेब्रुवारी संपता संपता पहिलं अंडं मिळालं. मिळालं म्हणजे शोधावं लागलं. मी खुराड्यात पेंढा घालून छान जागा केली होती, तिकडे एकही फिरकली नाही. टर्कीची मादी अंडं घालायला आडोसा शोधते आणि तो कुणाला कळू नये म्हणून वाकडी वाट करून जाते. कोंबडी सकाळी अंडं घालून ओरडून गाव गोळा करते. ही दुपार उलटल्यावर गुपचूप निघते, ओरडत नाही, आणि परतताना अंड्यावर पाला ओढून ठेवते. तीन दिवस दुपारी मी विहिरीच्या पायरीवर बसून राहिले. चौथ्या दिवशी पांढरी मादी केळीच्या बेटात शिरताना दिसली. वाळक्या पानांखाली हात घातला, तर पाच अंडी. साय मिसळल्यासारखा रंग, त्यावर तपकिरी बारीक ठिपके, एक टोक चांगलंच निमुळतं. घरच्या काट्यावर एक ठेवून पाहिलं, बहात्तर ग्रॅम. आमच्या गावठी कोंबडीच्या अंड्याच्या दुप्पट म्हणायला हरकत नाही.

उबवायची अंडी फार दिवस साठवू नयेत. आठवड्याच्या आत ठेवलेली बरी. मार्चमध्ये आमच्याकडे उकाडा सुरू होतो आणि गरम खोलीत अंडं अर्धवट वाढायला लागून आतच मरतं. म्हणून मी ती माजघरात पाण्याच्या माठाशेजारी, निमुळतं टोक खाली करून ठेवायची आणि रोज कलती करायची. सात-आठ दिवसांत चौदा जमली.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. नर फार जड असतो आणि त्याची नखं धारदार. जोडी लागताना मादीच्या पाठीची कातडी अक्षरशः फाटते. आमच्या एका मादीला मोठी जखम झाली, हळद नि तेल लावून पंधरा दिवस वेगळी ठेवावी लागली. तेव्हापासून मोसम लागायच्या आधी मी नराची नखं कापून कानशीने बोथट करते. पाच माद्यांना एक नर पुरतो. दोन ठेवले तर मारामाऱ्या होतात आणि त्रास माद्यांना.

मशीन मुलाने ऑनलाइन मागवून दिलं. थर्मोकोलची पेटी, आत पंखा, वर काचेची खिडकी. त्यातली अंडी फिरवायची जाळी कोंबडीच्या अंड्याच्या मापाची, टर्कीचं त्यात बसेना. मग ती काढून टाकली आणि हाताने फिरवायचं ठरवलं. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. दिवसातून पाच वेळा फिरवायची. पाच अशासाठी, की विषम आकडा असला म्हणजे रात्री जी बाजू वर राहिली ती दुसऱ्या रात्री खाली जाते. तापमान साडेसदतीस अंश. पाण्याची वाटी ठेवून दमटपणा पंचावन्न-साठ टक्के. कोंबडीला एकवीस दिवस, टर्कीला अठ्ठावीस. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या तिसऱ्या रविवारी मी अंडी ठेवली. सासूबाईंनी बोटांवर मोजलं नि म्हणाल्या, "म्हणजे बरोबर ईस्टरला." पण मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. "आईच्या पोटाखालची ऊब आणि ही विजेची ऊब एक नव्हे, पोरी."

आठव्या रात्री अंडी तपासली. पुठ्ठ्याच्या डब्याला रुपयाएवढं भोक पाडलं, आत मोबाइलचा टॉर्च, खोलीत मिट्ट काळोख. अंडं भोकावर टेकवलं की आतलं सगळं केशरी उजळतं. टर्कीच्या कवचावर ठिपके असल्याने कोंबडीइतकं स्वच्छ दिसत नाही, जरा फिरवावं लागतं. पहिलं अंडं नुसतंच पिवळं, रिकामं. दुसरंही तसंच. तिसऱ्यात मात्र कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधोमध काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी इतकी वर्षं शेकड्यांनी पिल्लं काढली, पण उन्हाकडे धरून अंदाज घ्यायचा एवढंच. आतलं असं हलताना त्यांनी पाहिलं नव्हतं. डबा हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या, आणि मग स्वतःच पुढची अंडी लावत गेल्या. चौदात चार रिकामी निघाली. एकात रक्ताचं कडं उमटलं होतं, म्हणजे पिल्लू धरलं आणि मेलं. नऊ उरली. वरच्या बाजूच्या हवेच्या पोकळीची रेघ प्रत्येकावर पेन्सिलीने काढून ठेवली. दर आठवड्याला पोकळी वाढत गेली पाहिजे. वाढली नाही तर पाणी जास्त झालं, फार वाढली तर कमी पडलं.

एकोणिसाव्या दिवशी रात्री वीज गेली ती पाच तास. पेटीवर दोन गोधड्या घातल्या, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाजूने लावल्या आणि झाकण अजिबात उघडलं नाही. पुढे कळलं की एवढ्या दिवसांत आतलं पिल्लू स्वतःची ऊब तयार करायला लागलेलं असतं, काही तासांच्या थंडाव्याने ते मरत नाही. त्या रात्री हे ठाऊक नव्हतं, मी उजाडेपर्यंत पेटीशी बसून होते. पंचविसाव्या दिवशी पुन्हा टॉर्च लावला तेव्हा एकच मेलेलं सापडलं. उरलेल्या आठांत काळा गोळा भरून राहिला होता. त्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद, पाणी वाढवून दमटपणा सत्तरच्या वर.

शनिवारी दुपारी एका अंड्यावर तारेच्या आकाराची चीर आली. कानाशी धरलं तर आतून चिवचिव. रात्री ईस्टरच्या जागरणाची मिस्सा होती. चर्चमध्ये मेणबत्ती हातात धरून उभी होते, पण चित्त त्या पेटीत. परत आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. काचेतून पाहिलं. पिल्लाने चोचीच्या टोकावरच्या खड्याएवढ्या दाताने कवच आतून गोल कापत आणलं होतं. दोन-तीन टोले, मग विसावा, मग अंग थोडं फिरवून पुन्हा टोले. शेवटी पायाने जोर लावला, टोपण उघडावं तसं वरचं कवच उचललं गेलं आणि ओलंचिंब, पिवळं-तपकिरी, लांब मानेचं पिल्लू बाहेर ओघळलं. सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मिस्सेचं लुगडंही त्यांनी बदललं नव्हतं.

सात अंड्यांना चिरा पडल्या. आठवं शांतच राहिलं. सातव्यातलं पिल्लू मात्र चीर पाडून वीस तास तसंच होतं. मला राहवेना. पेटी उघडली, नखाने कवचाचा तुकडा काढला, आणखी एक काढला, आणि आतल्या पापुद्र्यातून रक्त आलं. त्या शिरांतलं रक्त अजून पिल्लाच्या अंगात गेलं नव्हतं. ते पिल्लू माझ्या हातात गेलं. शिवाय पेटी उघडल्याने दमटपणा झर्रकन उतरतो, बाकीच्यांचे पापुद्रे सुकून अंगाला चिकटायचा धोका वेगळाच. चीर पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला चोवीस तास सहज लागतात. तेवढा वेळ हात बांधून बसायचं असतं, आणि मला ते जमलं नाही.

सहा पिल्लं वाळली, गोंडस झाली, तशी खोक्यात काढली. खाली भाताचं तूस पसरलं, वर दिवा टांगला, कोपऱ्यात पस्तीस अंश ऊब, ताटलीत खाद्य, भांड्यात पाणी. कोंबडीच्या पिल्लांना करतो तसंच सगळं. पहिले दोन-तीन दिवस ती दुडूदुडू चालत होती आणि मी निर्धास्त होते. पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

शुक्रवारी मेलेलं पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझ्यासमोर ते उघडलं. गळ्याखालची दाण्याची पिशवी चपटी, रिकामी. मग कलेजीबरोबर आपण जो पेटा खातो तो कापला. आत भाताचं तूस गच्च भरलेलं. "हे आजाराने नाही मेलं, उपाशी मेलं," डॉक्टर म्हणाले. अंड्यातला बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू जन्मतं, त्यावर दोन-तीन दिवस निभतात. तो संपला की चौथ्या-पाचव्या दिवशी ती अशी पटापट पडतात. टर्कीच्या पिल्लाला पहिल्या दिवसांत नीट दिसत नाही, खाद्य कुठलं नि तूस कुठलं ते उमगत नाही. दिसेल त्यावर चोच मारतं, आणि पोटात गेलं की ते अन्नच समजतं. ताटली समोर असणं आणि पिल्लाने खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या टेबलाशी कळलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याच दिवशी केलं. तूस काढून टाकलं. वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात, म्हणून सासूबाईंच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा अंथरला. पाण्याच्या उथळ थाळीत मुलाच्या लहानपणच्या काचेच्या गोट्या टाकल्या. चमकतात म्हणून पिल्लं त्यांवर चोच मारतात आणि आपोआप पाण्याची चव लागते, शिवाय बुडायची भीती नाही. लिटरभर पाण्यात शंभर मिलिलिटर दूध आणि उकडलेलं अंडं कुस्करून, हे पंधरा दिवस. आमच्या उकाड्यात ते पाणी तीन-चार तासांत आंबतं, म्हणून सारखं बदलायचं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं वीस-बावीस टक्के असतात आणि टर्कीला अठ्ठावीस लागतात, म्हणून सुकलेला जवळा वाटून त्यात मिसळायचा. मात्र मीठ न लावलेला, कारण मीठ या पिल्लांना विषासारखं. शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून वरून भुरभुरायचा, हिरव्याकडे ती चटकन वळतात. नायसिन नावाचं जीवनसत्त्वही त्यांना कोंबडीपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं की पाय धनुष्यासारखे वाकतात. त्याचे थेंब डॉक्टरांनी लिहून दिले.

एवढं सगळं मांडलं तरी उरलेली तीन पिल्लं तोंड लावीनात. डोळे मिटून दिव्याखाली एकमेकांना टेकून उभी. मी ड्रॉपर घेऊन एकेकाच्या चोचीत अंड्याचं पाणी सोडायला लागले, तेवढ्यात सासूबाई येऊन खाली बसल्या. काही बोलल्या नाहीत. अंड्याचा पिवळा चुरा लुगड्याच्या तुकड्यावर थोडा टाकला आणि तर्जनीच्या नखाने त्याच्यावर टुक, टुक, टुक असं टिपायला सुरुवात केली. थांबायच्या, पुन्हा टुक टुक. कोंबडी दाणा सापडला की करते तो आवाजही घशातून हलकेच काढत होत्या. एका पिल्लाने डोळे उघडले. मान वाकडी करून बोटाकडे बघितलं. दोन पावलं आलं, त्यांच्या नखावरच चोच मारली. नखाला चिकटलेला चुरा आत गेला. पुन्हा मारली, या वेळी चुऱ्यावर. मग दुसरं आलं. तिसऱ्याला अर्धा तास लागला.

रात्रंदिवस दर दोन तासांनी असं आठ दिवस चाललं. रात्रीची पाळी माझी, दिवसाची त्यांची. तिन्ही वाचली. रोज निजायच्या आधी मी प्रत्येकाची गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपायची. भरलेली असली की मटाराच्या शेंगेसारखी लागते, रिकामी असली की हाताला काहीच येत नाही. अजूनही पहिले दहा दिवस चाचपल्याशिवाय मी दिवा मंद करत नाही.

मे महिन्यात सासूबाईंची एक गावठी कोंबडी खुडूक झाली. त्या म्हणाल्या, "आता माझ्या पद्धतीने बघू." कोंबडीखाली टर्कीची पाच अंडी मावली, मोठी असल्याने त्याहून जास्त झाकली जात नाहीत. सातव्या दिवशी रात्री त्यांनी तिची स्वतःची दोन अंडीही त्यात सरकवली. हिशेब साधा: टर्कीचे उरलेले एकवीस आणि कोंबडीचे पूर्ण एकवीस, म्हणजे सगळी एकाच दिवशी. आणि झालंही तसंच. टर्कीची चार निघाली, कोंबडीची दोन्ही. पहिल्याच सकाळी कोंबडीने कणी टिपून हाक मारली, तिची दोन पिल्लं धावली आणि त्यांच्या मागोमाग टर्कीची चारही. तीन दिवसांत ती कीटक पकडत होती. ना ड्रॉपर, ना रात्रीची जागरणं. मला वाटलं, हाच खरा मार्ग, एवढा वेळ मी उगाच मशीनशी झगडले.

ऑगस्टच्या सुरुवातीला, नऊ आठवड्यांची झाली तेव्हा, त्यातलं एक पंख पाडून उभं राहू लागलं. खाणं सोडलं. विष्ठा गंधकासारखी पिवळी. चौथ्या दिवशी मेलं, आणि आठवड्याने दुसरं. डॉक्टरांनी यकृतावरचे गोल डाग दाखवले. या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात. त्याचे सूक्ष्म जंतू कोंबड्यांच्या आतड्यातल्या कृमीच्या अंड्यात बसून मातीत पडतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळं ती माती खातात, पावसात गांडुळं वर येतात, टर्की गांडूळ खाते. कोंबडी स्वतः हिंडती-फिरती असते, तिला क्वचितच काही होतं. मरते टर्की. म्हणजे ज्या कोंबडीने त्यांना जेवायला शिकवलं, तिच्याच अंगणातल्या मातीने त्यांना मारलं. सासूबाईंना हे फार लागलं. दोन दिवस त्या मागच्या दारी बसल्याच नाहीत.

त्यानंतर आम्ही वाडीचे दोन भाग केले. विहिरीच्या अलीकडे कोंबड्या, पलीकडे जाळी लावून टर्की. भांडी वेगळी, झाडू वेगळा, पलीकडे जायच्या चपलाही वेगळ्या. कृमींचं औषध दोन्हीकडे वेळच्या वेळी. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीचा थेंब पहिल्या आठवड्यात आणि देवीची लस पुढे, डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे. ब्लॅकहेड पुन्हा दिसला नाही.

गेल्या वर्षी पांढरी मादी स्वतःच बसली, त्याच केळीच्या बेटात. मी तिला उठवलं नाही, भोवती बांबूचं कुंपण केलं आणि नराला आत येऊ दिलं नाही. ती बसते म्हणजे अक्षरशः दगड होते. दिवसातून एकदा उठायची, घाईघाईने खाऊन-पिऊन, एक भलीमोठी विष्ठा टाकून दहा-पंधरा मिनिटांत परत. छातीचं हाड हाताला लागेपर्यंत झडली. अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. तिच्या पिल्लांना शिकवायला आम्ही लागलो नाही. एक तिच्याच पायाखाली चेंगरलं, एक मुंगसाने नेलं. मुंगसाने नेलं त्या दुपारी ती मादी जाळीला धडका देऊन रक्तबंबाळ झाली होती. पहिला पाऊस पडला तेव्हा मात्र सगळ्यांना उचलून पडवीत आणलं, कारण पिसं नीट फुटलेली नसताना भिजलेलं पिल्लू गारठून मरतं, आई कितीही पांघरो. सात मोठी झाली. नाताळाला चार नर विकले, पाच-सहा किलोच्या घरातले. पाळलेलं विकताना वाईट वाटतं का, असं विचारतात. वाटतं. म्हणूनच ती जिवंत असेपर्यंत उपाशी किंवा आजारी राहू नयेत एवढं तरी मी पाहते.

यंदा पुन्हा मशीन लावलंय, सोळा अंडी. तीन माद्या अंडी घालताहेत पण बसायला एकही तयार नाही. या खेपेला मात्र एक वेगळं करतो आहोत, आणि ते सासूबाईंनी सुचवलं. टर्कीच्या पिल्लांना शिकवायला कोंबडीचं पिल्लू हवं, पण कोंबडीची माती नको. मग पिल्लूच मशीनमधलं घ्यायचं. अंड्यातून थेट मशीनमध्ये, तिथून खोक्यात, जमिनीला पाय न लागलेलं. त्याच्या पोटात कृमी येणार कुठून? मी डॉक्टरांना विचारलं. खोकं जमिनीपासून उंच ठेवा आणि दोन आठवड्यांनी कोंबडीची पिल्लं वेगळी करा, म्हणाले, मग चालेल.

काल सातवा दिवस होता. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई आपल्या तांबड्या कोंबडीची दोन अंडी पदरात घेऊन आल्या. ओल्या फडक्याने नाही, कोरड्याने पुसलेली, कारण ओल्याने पुसलं की कवचाच्या छिद्रांतून घाण आत जाते असं त्यांचं म्हणणं. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी दोन्हींवर स्वतःच फुली आणि गोळा काढला, चष्मा नसल्याने जरा वाकडा. मी झाकण उघडलं. टर्कीच्या ठिपकेदार अंड्यांच्या मधे जागा करून त्यांनी ती दोन ठेवली, आणि विचारलं, "आता फिरवायची वेळ किती वाजता?"